पाठीमागचा घास

"याला लोणी कोण द्यायचं?" कुत्र्याचं पोट हलकेच दाबत डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"आमची ही," शिंपीमास्तर म्हणाले. "पावाच्या कडेला जरासं लावून. पण ती जाऊन दोन महिने झाले. नंतर भेटायला आलेल्यांनी लाडाने तळलेलं चारलं. कुणाकुणाला नाही म्हणायचं?"

"आता म्हणा. स्वादुपिंडाला सूज आहे. लोणी, तूप, तळलेलं, कोंबडीची कातडी, सगळं बंद. खाऊ म्हणून काकडी, उकडलेला भोपळा, बिया काढलेलं सफरचंद. तेही अगदी थोडं. उद्यापर्यंत पोटात काही गेलं नाही, तर दाखल करावं लागेल. आणि या वयात मी खात्री देत नाही."

कुत्र्याचं नाव बटण. काळा, गोल, आणि हवा तेव्हा हमखास न सापडणारा.

घरी मास्तरांनी काकडी सोलून पातळ चकत्या केल्या. तळहातावर धरल्या. बटणने मान फिरवली. भोपळ्यालाही नाक मुरडलं. लेकीने लाडीगोडी लावून पाहिली, शेवटी तीही वैतागली.

"आईवर गेलाय. हट्टी."

बटण धडपडत उठला आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन बसला. आत कुणी नव्हतं. ओट्याच्या दिशेने वर बघत तो शेपूट आपटू लागला.

"बाबा, हा कुणाकडे बघतोय?"

"तुला कामावर उशीर होईल," मास्तर म्हणाले.

ती गेल्यावर ते मशीनवर बसले. मशीन खिडकीशी, त्यामुळे स्वयंपाकघराकडे कायम पाठ. बायकोला वाटायचं, यांना काही दिसत नाही. पण गिऱ्हाइकांसाठी लावलेल्या उभ्या आरशात तो उंबरा पुरता दिसायचा. लोण्याचा तुकडा, तिचं वाकणं, बटणची जीभ. मास्तर मान वर न करता विचारायचे, "कुणाला काय देतेयस?" ती म्हणायची, "काही नाही." मास्तर कानाडोळा करायचे. संसारातली ही एकच चोरी होती आणि ती त्यांना फार आवडायची.

बटणलाही ठाऊक होतं. मास्तरांच्या हातातून यायच्या त्या कडू गोळ्या. चांगलं ते यायचं मास्तरांच्या पाठीमागून.

हे आठवलं तसे मास्तर उठले. त्यांनी काकडीच्या चकत्या उंबऱ्यावर ठेवल्या आणि पाठ करून पुन्हा मशीनवर बसले. आरशात पाहिलं. रिकामं दार, शेजारी बटण. चकत्या तशाच. बटण आरशातून त्यांच्याकडेच बघत होता.

त्या रिकाम्या दाराकडे मास्तरांना बघवेना. त्यांनी अर्धवट शिवलेला कोट उचलून आरशावर टाकला. मशीनच्या पायट्यावर पाय ठेवला, पण ते चालवलं नाही.

"कुणाला काय देतेयस?" त्यांनी विचारलं.

ते कान देऊन बसले. बराच वेळ.

मग पाठीमागे काकडी कुरकुरली. एक चकती. थोड्या वेळाने दुसरी. मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते पुसायलासुद्धा ते हलले नाहीत.

चकत्या संपल्या. तरी शेपूट जमिनीवर आपटतच राहिलं, सावकाश, ती डोकं खाजवायची तेव्हा आपटायचं तसं. मास्तरांनी वळून पाहिलं नाही. सुईत दोरा ओवून त्यांनी पुढचं कापड शिवायला घेतलं.