एक बाही लांब

मित्रांनो, मी एक जुना स्वेटर आहे असं म्हणायला हवं. पण परवापर्यंत जुना होण्याइतकं मला कुणी अंगावर घातलंच नव्हतं. माझी कोपरं तोवर नव्यासारखी होती. रंग राखाडी, गळा जरा घट्ट आणि उजवी बाही डावीपेक्षा चांगली वीतभर लांब होती. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण बाकीच्यांनी ते फार काळ सांगितलं नाही.

मला मावशीने विणलं. आमच्या घरचा मालक चष्मे विकतो, म्हणून त्याला सगळे चष्मेवाला म्हणतात. मावशी ही त्याच्या आईची धाकटी बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिनेच त्याला वाढवलं. त्याला बारमाही सर्दी, आणि त्या सर्दीवर मावशीचा एकच उपाय: लोकर. खिडकीशी बसून ती विणायची. एक सुलट, एक उलट. सुयांची ती टकटक ऐकतच मी मोठा झालो. डावी बाही झाली. उजवीला हात घातला तेव्हा तिने खुर्ची खिडकीजवळ ओढली. मग आणखी जवळ. शेवटी नाक काचेला टेकायचं तेवढं बाकी राहिलं. कुठे टाका गळायचा, कुठे झालेली ओळ पुन्हा विणली जायची. मला वाटलं, वय झालंय, ऊन बरं वाटत असेल.

चष्मेवाल्याने मला पहिल्यांदा घातलं आणि त्याचा उजवा हात गडप झाला.

"बाह्या बरोबर आहेत ना रे?" मावशीने विचारलं.

"अगदी मापात!" हात पाठीमागे लपवत तो म्हणाला.

"मावशी, असा स्वेटर बाजारात शोधून सापडायचा नाही," त्याची बायको म्हणाली. तेवढं मात्र खरं होतं.

मला इतकी लाज वाटली की माझी लोकर उठून परत मेंढीच्या पाठीवर जाऊन बसली असती तर बरं झालं असतं. दोष असला तर माणूस तो दाखवतो, मग तो दुरुस्त होतो. माझं मात्र कौतुक झालं, आणि कौतुक झालेल्या वस्तूला दुरुस्तीची सोय उरत नाही.

त्यानंतर माझा मुक्काम कुत्र्याच्या अंगाखाली पडला. या कुत्र्याला घरात 'साहेब' म्हणतात, कारण काम काही नाही आणि खुर्ची सोडवत नाही. मावशीचा फोन आला, "निघालेय गं," की घरात एकच पळापळ व्हायची. तिने विणलेला टेबलक्लॉथ टेबलावर, टोपी खुंटीवर, आणि साहेबांना उठवून, केस झटकून मी चष्मेवाल्याच्या अंगावर. केस काही सगळे झटकले जायचे नाहीत. मावशी आत आली की तो शिंकायचा.

"अजून हटत नाही ना सर्दी? रोज घालतोस ना स्वेटर?"

"रोज!" आणि पुन्हा शिंक. मावशी काळजीत पडायची आणि घरी जाऊन मफलर सुरू करायची.

एकदा तिला दाखवायला म्हणून तो मला दुकानात घालून गेला. तिथे त्याचा बाणा निराळाच! "ताई, ही फ्रेम तुम्हाला शोभत नाही." "काका, वेळेवर डोळे तपासत चला." गिऱ्हाइकाला खरं सांगायचं आणि घरच्यांना गोड, असा त्याचा हिशेब होता.

मग एके दिवशी मावशी बोटांना पट्टी बांधून आली. म्हणाली, "चहा ओतताना कपाची कड जरा चुकली." चष्मेवाल्याने मलम लावलं. त्याची बायको म्हणाली, "सांभाळून करा हो." कड का चुकली, ते कुणी विचारलं नाही.

त्याच सुमारास साहेबांना खाज सुटली. डॉक्टरांनी पाठीवरचे केस काढायला लावले आणि साहेब थंडीने कुडकुडू लागले. मावशीने त्यांच्यासाठी लाल कोट विणून आणला. सगळ्यांनी मिळून तो साहेबांच्या गळ्यात अडकवला. पुढचा एक पाय भोकातून बाहेर आला. दुसरा काही येईना. साहेबांनी एक पाऊल टाकलं आणि ते तोंडावर आपटले.

"वा, किती गोड दिसतोय!" बायकोच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

साहेब उठले, पुन्हा आपटले, आणि मग आकाशाकडे तोंड करून असे काही रडले की विचारू नका. घरात पहिल्यांदाच कुणीतरी मावशीच्या विणकामावर खरं मत दिलं होतं.

मावशी आधी हसली. मग खाली बसून तिने कोट बोटांनी चाचपला.

"अरे, दोन्ही भोकं एकाच बाजूला आहेत की! आणि तुम्ही वा म्हणताय?"

ती उठली, चष्मेवाल्याजवळ आली, आणि माझ्या दोन्ही बाह्यांची टोकं धरून तिने एकमेकांना जुळवली. उजवी खाली लोंबत राहिली. तेव्हा मी अंगभर आक्रसलो, धुतल्याशिवायच.

"मावशी, तुला वाईट वाटू नये म्हणून..."

"वाटलं असतं. एक दुपार वाटलं असतं." तिचा आवाज चढला नाही. "मला वाटायचं रे, डोळ्यांचंच काहीतरी आहे. पण तुम्ही म्हणायचात, टाका न् टाका बरोबर. म्हटलं, विणकाम इतकं नीट जमतंय म्हणजे डोळे ठीकच असणार. उगाच डॉक्टरकडे कशाला जा? चष्मे विकतोस ना रे तू?"

चष्मेवाल्याची मान खाली गेली. नाकाला आणि डोळ्यांना एकदमच पाणी आलं. रुमाल सापडेना, तेव्हा त्याने माझी लांब बाही वापरली. तिचा तो पहिला उपयोग.

दुसऱ्या दिवशी त्याने मावशीला स्वतःच्या दुकानातल्या खुर्चीत बसवलं. उजव्या डोळ्याने तिला सगळ्यात वरचं, हाताएवढं अक्षरही दिसेना. मोतीबिंदू चांगलाच पिकला होता. तो तिला घेऊन इस्पितळात गेला, शस्त्रक्रिया झाली, आणि ते दिवस तो तिच्या उशाशी बसून राहिला.

बरी झाल्यावर नवा चष्मा लावून मावशी आली आणि तिने मला मागितलं. माझा धीरच सुटला. तिने मला खिडकीत उघडून धरलं.

"अगं बाई! हे मी विणलं?" आणि ती इतकी हसली की चष्मा पुसावा लागला. मग तिने भाच्याला समोर बसवलं. "आता सांग. आणखी काय चुकलंय?"

"गळा घट्ट आहे."

"आणि?"

"टोचतो."

"आणि?"

"राखाडी रंग मला शाळेपासून आवडत नाही."

"हां, पुरे. एकदम इतकं खरं नको."

तिने माझी बाही मनगटाकडून उसवली, बेताची करून पुन्हा बंद केली आणि गळा सैल केला. उरलेली राखाडी लोकर साहेबांच्या कोटाच्या काठाला लागली. आता त्या कोटाला भोकं जिथल्या तिथे आहेत.

मित्रांनो, कुणी हाताने केलेलं काही तुमच्यासमोर धरलं, तर तोंड उघडण्याआधी ते हातात घ्या. उलटून बघा, बाह्या जुळवून बघा. आणि काही चुकलेलं दिसलं तर त्या माणसाजवळ बसून विचारा, "बरं आहे ना तुला?"

चष्मेवाला आता मला खरोखरच रोज घालतो. कोपरं झिजू लागली आहेत. गळा अजून किंचित घट्ट आहे. तो तसं मावशीला फोनवर सांगतो, आणि मला त्याची आता लाज वाटत नाही.