पाठीवरची सत्तावीस

हातातली चप्पल खाली ठेवा. नांगी मीही खाली ठेवलीय. निजामाच्या राज्यातल्या औराद गावची, श्रीमंतच्या गोवऱ्यांच्या ढिगातली विंचवीण बोलतेय मी.

माणसं मला किडा म्हणतात. मोजता येत असेल तर मोजा की! किड्याला पाय सहा, मला आठ. माझी भावकी कोपऱ्यात जाळं विणणाऱ्या कोळ्यांची. अंगात हाड नाही, कवच बाहेरून. वाढायचं तर ते फोडूनच निघावं लागतं. पोटाखाली दोन फण्या आहेत, त्यांनी मी जमीन हुंगते. तुम्हाला मात्र दिसते फक्त नांगी.

मी अंडी घालत नाही. यंदा सत्तावीस जिवंत पोरं झाली, ज्वारीच्या कण्यांसारखी पांढरी, मऊ. ती माझ्या पाठीवर चढली. पहिली कात टाकेपर्यंत ती घासभरही खात नाहीत. शिदोरी पोटातच घेऊन येतात. तेवढे दिवस मी जगले, तरच ती जगणार होती.

तिसऱ्याच दिवशी श्रीमंतच्या बायकोनं, जगदेवीनं, गोवरी उचलली आणि किंचाळून दगड घेतला. एवढं ओझं घेऊन मी पळणार कुठे?

"मारायलीस कामून?" सासू राजूबाई म्हणाली. "ऱ्हाऊ दे. तिची लेकरंच खातेत तिला, पाठ फोडून. आईचं असंच अस्तंय."

काय ही अक्कल! आपल्या घरातलं आमच्या माथी मारायचं. पण त्या खुळ्या समजुतीनंच माझी पोरं वाचली, आणि तेच मला फार झोंबतं.

राजूबाईला दोन लेक. श्रीमंत इथं, आप्पाराव बीदरला कचेरीत शिपाई. म्हातारी महिनाभर इकडे, महिनाभर तिकडे. गाठोडं कधी सुटलंच नाही. लोक हसून म्हणायचे, विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. अरे, माझ्या पाठीवर माझी पोरं होती! हिच्या पाठीवर एक लुगडं न् तांब्या.

ती रोज गोवरी उचलून बघायची, मला कुठवर खाल्लंय ते.

आठवड्यानं पोरांनी कात टाकली, रंग धरला आणि एकेक करत उतरून निघून गेली. बरंच केलं. रेंगाळली असती तर भुकेपोटी मीच एखादं खाल्लं असतं. ते मी लपवत नाही.

आज सकाळी राजूबाईनं गोवरी उचलली. मी अख्खी होते, शेजारी पांढऱ्या काती.

"खाल्लं न्हाई? एकानंबी?" ती मटकन खाली बसली.

"माय, गाडी जुंपलीय," श्रीमंत दारातून ओरडला. "महिना भरला न्हवं? ऊठ की!"

त्यानं स्वतःच गाठोडं उचलून गाडीत टाकलं. राजूबाई मागे बघत बघत गेली. गोवरी परत ठेवायचं तिला सुचलं नाही.

आता मी उघड्यावर आहे. जगदेवी दगड शोधतेय, आणि तिला थांबवणारी गाडीत बसलीय. पाठ मोकळी आहे, पळून बघते. पण दगड लागलाच, तर एवढं करा: माझ्या पोरांनी मला खाल्लं, असं कुणाला सांगू नका.