हालचालीनं बरं, की वाईट?

आमच्या घरात ‘कशी आहेस?’ असं कुणी विचारत नाही. विचारतात, ‘हालचालीनं बरं वाटतं, की वाईट?’ कारण बाबा होमिओपॅथीचे डॉक्टर, आणि घराची पुढची खोली म्हणजे त्यांचा दवाखाना. मागच्या खोलीत आम्ही. मध्ये फक्त एक पडदा. त्यामुळे जगाची गुडघेदुखी ऐकत ऐकतच ताई आणि मी मोठ्या झालो. बाकीच्या मुली घर-घर खेळायच्या, आम्ही दवाखाना-दवाखाना. ताई डॉक्टर, मी पेशंट.

“पहिली पावलं टाकताना दुखतं, मग चालत राहिलं की मोकळं होतं,” मी कण्हत सांगायची.

“रस टॉक्स. चालत राहा. पुढचा.”

“जरा हललं तरी जीव जातो हो डॉक्टर. नुसतं पडून राहावंसं वाटतं.”

“ब्रायोनिया. मग पडून राहा. पुढचा.”

पुढचीही मीच असायची.

मैदानावरची पळणारी मंडळी सगळी बाबांकडे. मुका मार लागला की आर्निका, लांब पल्ल्याच्या सरावानंतर अंग ठणकलं तरी आर्निका. गोळ्यांना हात लावायचा नाही, बाटलीच्या झाकणात घेऊन तोंडात टाकायच्या. बाम लावायचा नाही, त्याच्या वासानं औषध मरतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, गोळ्या घेतल्यावर दुखणं आधी वाढलं तर घाबरायचं नाही. वाढलं म्हणजे औषध लागू पडलं. बाबा हे इतक्या मायेनं सांगायचे की लोक लंगडत यायचे आणि हसऱ्या चेहऱ्यानं म्हणायचे, “डॉक्टर, छान वाढलंय.”

ताई अर्धमॅरेथॉन पळायची. मी तिच्याच संघात, पण राखीव. राखीव म्हणजे ताईनं पळायचं आणि मी पाण्याची बाटली धरून उभं राहायचं. माझी काही तक्रार नव्हती. ताईला पळताना बघणं हे स्वतः पळण्यापेक्षा भारी होतं. या वर्षीच्या मोठ्या शर्यतीत पहिल्या तिघींना राष्ट्रीय शिबिरात घेणार होते, आणि पुढच्या वर्षी ताई वयात बसणार नव्हती. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

आणि तेव्हाच तिची डावी नडगी दुखायला लागली.

साधं दुखणं नव्हतं ते. आमची खोली एक, त्यामुळे मला सगळं दिसायचं. मैदानाच्या पायऱ्या ती बसून उतरायची. घरी आली की उशीचा कोपरा दातात धरायची. नडगीवर एका बोटाएवढी जागा होती, तिथं चादर लागली तरी श्वास अडकायचा तिचा. आमचे सर, ज्यांना आम्ही पाठीमागे ‘शिट्टी’ म्हणतो, त्यांनी तिला एकदाच पळताना पाहिलं आणि म्हणाले, “पायाचा एक्स-रे फोटो काढून आण. तोवर बूट घालायचे नाहीत.”

“माझे बाबाच डॉक्टर आहेत, सर,” ताई म्हणाली.

बाबांनी सरांची कंबर बरी केली होती, त्यामुळे बाबांपुढे ती शिट्टी वाजायची नाही.

संध्याकाळी ताई पुढच्या खोलीत पेशंटच्या स्टुलावर बसली. बाबांनी चष्मा पुसला आणि नेहमीचा प्रश्न विचारला.

“हालचालीनं बरं वाटतं, की वाईट?”

“बरं,” ताई म्हणाली. “पहिली पावलं टाकताना दुखतं, मग चालत राहिलं की मोकळं होतं.”

मी पडदा सरकवला. “खोटं बोलतेय ती.”

“पेशंट बोलत असताना मध्ये बोलायचं नाही.”

“बाबा, हे आमच्या खेळातलं वाक्य आहे. पाठ आहे तिला. पायऱ्या बसून उतरते ती, विचारा मैदानावर कुणालाही.”

“राखीव बाईसाहेबांना घाई झालीय,” ताई म्हणाली आणि हसली.

बाबा चिडले असते तर परवडलं असतं. ते माझ्याकडे बघून हळहळले. “बाळा, तुझीही पाळी येईल. बहिणीच्या पायावर पाय देऊन पुढे जायचं नसतं.” मग बाटल्यांच्या पेटीकडे वळत म्हणाले, “आणि पेशंट खोटं बोलत नाही. त्याच्यावरच माझं सगळं उभं आहे.”

रस टॉक्स. चालत राहा. पुढचा.

रात्री मी ताईला म्हटलं, “का बोललीस असं?”

“खरं सांगितलं असतं तर ब्रायोनिया मिळालं असतं. वर पडून राहायचा हुकूम.”

“मग राहा ना पडून.”

“पुढच्या वर्षी मी बाद होणार आहे. तू नाहीस.”

आईकडे गेले. आई म्हणाली, “डॉक्टरनं स्वतःच्या मुलीला दुसऱ्या डॉक्टरकडे न्यायचं म्हणजे आपल्याच हातानं नाक कापून घेण्यासारखं आहे. तुझे बाबा बघतायत ना?”

बाबा बघतच होते. ताईचं दुखणं वाढलं.

“वाढलं?” बाबा म्हणाले. “छान. लागू पडलं.”

आणि इथं मला खरी भीती वाटली, कारण ताईचाही चेहरा उजळला. आपण खोटं सांगितलं होतं हे ती विसरूनच गेली. खोट्या उत्तरावर मिळालेलं औषध खरोखर लागू पडतंय असं तिला वाटायला लागलं. रोज सरावाहून पांढरीफटक होऊन यायची आणि मला सांगायची, “आज कालच्यापेक्षा जास्त आहे. म्हणजे आता उतरेल बघ.” मी चोरून तिच्या नडगीला बाम लावायला गेले, तर तिनं माझा हात झटकला. औषध मरेल म्हणून.

शर्यतीच्या दिवशी मी शेवटच्या पाण्याच्या टेबलापाशी उभी होते, एका कारखान्याच्या लांबलचक भिंतीलगत. ताई तिसरी होती. तिसरी! चौथी खूप मागे होती. मी बाटली पुढे धरून ओरडत होते आणि ताईनं ती घ्यायला हात लांब केला. मग डावा पाय टेकला, आणि नडगी जिथं वाकत नाही तिथं वाकली.

ती पडली तरी बाटली तिच्या हातात होती. “झाकण उघड,” ती मला म्हणाली. “मला उठायचंय.” मागून चौथी आली आणि आमच्या बाजूनं निघून गेली.

हाडांच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो दिव्यासमोर धरला. “मोडलंय ते आज. पण ही भेग आजची नाही. हिच्यावर पळतेय ही कित्येक आठवडे.” मग बाबांकडे वळून म्हणाल्या, “हिला विश्रांती घ्यायला कुणी सांगितलंच नाही का?”

आपणही डॉक्टर आहोत हे बाबांनी सांगितलं नाही.

मग ते ताईच्या खाटेपाशी आले. त्यांना दुसरं काही विचारता येत नसावं, कारण शेवटी त्यांनी तेच विचारलं. “हालचालीनं बरं वाटतं, की वाईट?”

“वाईट,” ताई म्हणाली. “पहिल्या दिवसापासून, बाबा.”

बाबांच्या खिशात गोळ्यांची बाटली होती. ती काढून त्यांनी झाकण घट्ट लावलं. ते आधीपासून घट्टच होतं.

पायात सळई घातली, मग जखम चिघळली, मग ती सळई काढून दुसरी घातली. पाय वाचला, पण बोटभर आखूड झाला. चालता येईल, म्हणाले. पळण्याचं कुणी काढलंच नाही, आणि ताईनंही विचारलं नाही. दवाखाना अजून चालतो. फक्त कुणी ‘वाढलंय’ म्हटलं की बाबा ‘छान’ म्हणत नाहीत. पडद्याअलीकडे आम्हाला तेवढी शांतता ऐकू येते.

ताईच्या जागी आता मी पळते. परवा जेवताना मी म्हटलं, “बाबा, माझी नडगी दुखतेय. पळताना वाढतं.”

बाबा उष्ट्या हातानंच उठले. “चल. फोटो काढून येऊ. आत्ताच.”

ताई खाटेवरून बघत होती. कुबड्या तिच्या शेजारी भिंतीला टेकलेल्या.

“या वेळी हिचं बरं ऐकलंत,” ती म्हणाली.

बाबा एका पायात चप्पल घालून दारात थांबले. दुसरी समोरच पडली होती, पण त्यांना ती सापडेना.