विहिरीपासून ओट्यापर्यंत

पंप सुरू करण्याआधी आणि उपसा चालू असताना मध्येच एकदा, विहिरीचं ओंजळभर पाणी जिभेवर घ्यायचं, ही सांडोर गावच्या बागायतदार जेम्सची रीत. पाणी खारटलं की पंप बंद. केळीला खारं पाणी सोसत नाही. पण यंदाच्या तापानंतर त्याच्या तोंडाची चवच गेली. त्याने कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. शेवटी केळीच्या पानांच्या करपलेल्या कडांनीच चुगली केली.

त्याची लेक फेलिशिया सातिवलीच्या एका कारखान्यात मोजमापाची यंत्रं जोडायची. तिला सगळं कळलं, पण बापाच्या तोंडावर बोलायचा धीर होईना. तिने विहिरीत खारेपणा मोजणारा सेन्सर सोडला, तार ओट्यापर्यंत आणली आणि भिंतीवर आकड्याची डबी लावली.

"आमच्या कारखान्याची चाचणी आहे, पप्पा," तिने थाप मारली.

डबी मात्र तिची लाज काढायला टपलेली. पंप सुरू झाला की आकडा नाचायला लागे. चूक फेलिशियाचीच होती. नवा चर खणला तर बापाची केळी दुखावतील, म्हणून तिने ही तार पंपाच्या केबलच्याच पाइपातून ओढली होती. मोटरची सगळी खरखर तारेत शिरत होती.

"वेगळा पाइप लागेल, तोही केळीतून. राहू दे, काढून टाकते," ती म्हणाली.

जेम्सने कुदळ उचलली. लेकरांसारखी वाढवलेली, घड धरलेली केळीची दोन झाडं त्याने स्वतः तोडली आणि चर खणला. चाचणीसाठी कुणी केळी तोडत नाही. आपली थाप त्याने केव्हाच ओळखलीय, हे फेलिशियाला तेव्हा उमगलं.

नव्या तारेत तिने एक आयसोलेटर जोडला.

"ही आणखी एक डबी कशाला?"

"हिच्यात दोन्हीकडच्या तारा एकमेकींना शिवत नाहीत. निरोप तेवढा उजेडाने पलीकडे जातो. मोटरचा झटका इकडे येत नाही."

"सांभाळून सांगते म्हण की," जेम्स हसला. "तुझ्यासारखीच."

पंप सुरू झाला. आकडा जागचा हलला नाही. जेम्सने सवयीने ओंजळ भरली, ओठांपर्यंत नेली आणि थांबला. आयुष्यभर पाण्याची चव त्यानेच सगळ्यांना सांगितली होती.

"बाय, मला कळत नाही गं आता," त्याने ओंजळ तिच्यापुढे धरली. "तू सांग."

डबीकडे न बघता फेलिशिया वाकली आणि बापाच्या ओंजळीतलं पाणी प्यायली.

"गोडं आहे, पप्पा."