पेन्सिलीतलं घराणं

"म्हणजे आमचे हे पूर्वज नुसते खजिनदार नव्हते, तर सरदारांच्या अगदी उजव्या हाताला बसत," असं म्हणून दाताच्या डॉक्टरांनी पाण्याचा घोट घेतला, आणि सेक्रेटरीनं मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला. डॉक्टर पाणी प्यायले म्हणजे एवढ्यात खाली बसत नाहीत, हे त्याला अनुभवानं ठाऊक होतं.

वंशावळ मंडळाची मासिक बैठक ग्रंथालयाच्या माडीवर भरली होती. आजचा पहिला तक्ता सेक्रेटरीच्या घराण्याचा, असं त्यानं स्वतः कागदावर लिहून दाराला लावलं होतं. पण डॉक्टर पडले मंडळाचे अध्यक्ष. त्यांना म्हणे पुढं कुठंतरी जायचं होतं. 'माझं पटकन उरकतो' म्हणत ते मध्ये घुसले, आणि तेव्हापासून त्यांचं चऱ्हाट चालूच होतं. कुठंतरी जायची गोष्ट केव्हाच विरून गेली होती.

तिसऱ्या रांगेत कडेला सेक्रेटरीची थोरली बहीण, ताई, बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीवर हात, काठी खुर्चीला टेकवलेली. दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत माणसं बसतात तशी ती बसली होती, आणि मधूनच सेक्रेटरीकडे बघून भुवया उंचावत होती. तो हातानंच 'झालंच, झालंच' अशी खूण करत होता आणि आतल्या आत जळत होता.

या मंडळाची एक रीत होती. घराण्याचा तक्ता आधी पेन्सिलीनं काढायचा. सगळी नावं जागेवर बसली की त्या घराण्यातलं वयानं सगळ्यात मोठं माणूस बैठकीला आणायचं. त्यानं सभासदांसमोर उभं राहून एकेक नाव मोठ्यानं वाचायचं आणि शेवटी म्हणायचं, "हे बरोबर आहे." ते शब्द पडले की सेक्रेटरी तिथल्या तिथं शाईनं तक्ता पक्का करायला घेई. तोवर सगळं घराणं पेन्सिलीत. ही रीत सेक्रेटरीनंच पाडली होती. सुरुवातीला लोक वाटेल त्या राजे-रजवाड्यांना स्वतःच्या घरात आणून बसवायला लागले होते, त्यावरचा हा उपाय. प्रत्येक नावाला दोन पुरावे हवेत, हा नियमही त्याचाच. नियमाच्या बाबतीत तो कोणाच्या बापाचं ऐकत नसे, अशी त्याची ख्याती होती आणि ती त्याला आवडायची.

नोकरीत असताना तो पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नकाशे काढायचा. जमिनीखालून कुठला नळ कुठं गेलाय, कुठं वळलाय, कुठं झडप आहे. आयुष्यभर त्यानं अशा गोष्टी काढल्या की ज्या कोणाच्या नजरेला पडत नाहीत, आणि खाली सही व्हायची ती साहेबाची. निवृत्त झाल्यावर मंडळ मिळालं. त्याची रेघ पाहून लोक वाहवा करायचे, तक्ते चौकटीत घालून दिवाणखान्यात लावायचे, आणि एकदा तक्ता घरी गेला की बैठकीकडे पुन्हा फिरकायचे नाहीत. पुढं खुर्च्या मांडायलाही तोच आणि उचलायलाही तोच.

त्याचा स्वतःचा तक्ता मात्र कपाटामागे गुंडाळी होऊन पडला होता. "जगाची घराणी रंगवून झाली, आपलंच तेवढं कोरं," असं बायको येताजाता ऐकवायची. त्याच्या घराण्यात वयानं मोठी आता ताईच. मधला भाऊ गेला, बाकीची वडीलधारी त्याच्याही आधी गेली. आणि ताई काही केल्या यायला तयार नव्हती. कधी गुडघे, कधी नातीची परीक्षा, कधी सर्दी, पुन्हा गुडघे. विनवण्या करून करून त्यानं हात टेकले होते. पण या आठवड्यात तिचाच फोन आला. ती कायमची लेकीकडे राहायला चालली होती, दूरच्या शहरात. मंगळवारी निघणार होती. म्हणाली, तुझं ते काय आहे ते उरकून टाक बाबा एकदा, मी येते. त्यानं रिक्षा ठरवली, जिन्यावर धरून धरून तिला वर आणलं. आज नाही तर कधीच नाही, हे त्याला कळत होतं.

आणि इथं खजिनदार सरदारांच्या उजव्या हाताला बसून हलायला तयार नव्हते.

शेवटी एकदाचे डॉक्टर थांबले. तर भूगोलाच्या बाई उठल्या. या बाई शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण शंका विचारायची सवय निवृत्त झाली नव्हती. खजिनदारांचा दुसरा पुरावा कोणता, असं त्यांनी विचारलं. डॉक्टर म्हणाले, घरात परंपरेनं सांगत आले आहेत. बाई म्हणाल्या, तो एकच पुरावा झाला. त्यावरून जुंपली. मग चहा आला. चहाबरोबर पुन्हा जुंपली. एरवी सेक्रेटरी यात हिरिरीनं पडला असता. आज त्यानं मूग गिळले, कारण वाद जितका लांबेल तितकी ताईची मान पेंगून पुढं झुकत होती. अखेर ग्रंथालयाचा शिपाई किल्ल्या वाजवत दारात येऊन उभा राहिला, तेव्हा डॉक्टरांना आठवलं. "अरे, तुमचं राहिलंच की. घ्या, घ्या. लवकर आटपा मात्र."

सेक्रेटरीनं तक्ता फळ्यावर टाचला. दौत उघडून टेबलावर ठेवली.

ताई उभी राहिली. चष्मा पुसून तिनं वरून वाचायला सुरुवात केली. पणजोबा, त्यांचे भाऊ, आजोबा, दोन्ही आज्या. तिचा आवाज स्वच्छ होता आणि कुठल्याच नावाला अडखळत नव्हता. सेक्रेटरीला बरं वाटायला लागलं. आईवडलांपाशी ती जराशी थांबली, मग खालच्या ओळीवर आली. स्वतःचं नाव वाचलं, मधल्याचं वाचलं, त्याचं वाचलं. आणि तिचं बोट त्याच्या चौकटीच्या पलीकडे, कोऱ्या कागदावर गेलं.

"पुढचा कुठाय?" तिनं विचारलं.

"पुढचा कोण? मीच शेवटचा."

"नाहीस तू शेवटचा. तुझ्या पाठीवर एक झाला होता. चार महिने होता."

सेक्रेटरीला कोणीतरी तोंडात मारल्यासारखं झालं. पणजोबांच्या चुलतभावापर्यंत जाऊन आलेला माणूस तो, आणि त्याच्याच पाठचा भाऊ त्याला ठाऊक नव्हता. तोही चारचौघांत कळला होता.

भूगोलाच्या बाईंनी हळूच विचारलं, "नाव काय होतं बाळाचं?"

"ठेवलं नव्हतं. आई अंथरुणाला खिळलेली. आज ठेवू, उद्या ठेवू, असं करत राहिलं ते राहिलंच."

डॉक्टरांनी घसा खाकरला. माणूस मनानं वाईट नव्हता. अवघडून बोलत होता. पण बोलला. नाव नाही, कागद नाही, सांगणारं माणूस एकच. अशाला चौकट देता येत नाही. "नियम तुमचाच आहे, सेक्रेटरीसाहेब."

"तुमच्या त्या खजिनदाराला कोणी पाहिलंय?" सेक्रेटरीचा आवाज चढला. "हिनं या पोराला मांडीवर घेतलंय."

शिपायानं पुन्हा किल्ल्या वाजवल्या. मग कोणीतरी तोडगा काढला की आजींनी बाकीच्या तक्त्याला होकार द्यावा, शाई होऊ दे, त्या एका चौकटीचं पुढच्या बैठकीत बघू. सगळ्यांना हायसं वाटलं. आणि सेक्रेटरीलाही वाटलं, हे त्याला नंतर आठवून आठवून सलत राहिलं. उघडी दौत समोर होती. वर्षानुवर्षं वाट बघितलेली गोष्ट एका वाक्यावर येऊन ठेपली होती.

"ताई," तो हलक्या आवाजात म्हणाला, "आत्ता हो म्हण. त्याचं नंतर बघू आपण."

ताईनं त्याच्याकडे बघितलं. रागानं नाही. लहानपणी त्यानं काही फोडलं की ती अशीच बघायची.

"नंतर कधी? मी मंगळवारी चालले." मग ती सभासदांकडे वळली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हे बरोबर नाही."

मंडळात आजवर कोणी असं म्हटलं नव्हतं. असं म्हटल्यावर काय करायचं, याचा नियम करायचं सेक्रेटरीला सुचलंच नव्हतं. त्यानं दौतीचं झाकण लावलं आणि तक्ता काढून गुंडाळला.

ताईला धरून धरून त्यानं जिना उतरवला. रिक्षा ठरल्या जागी नव्हती. तो सारखा रस्त्याकडे बघत होता आणि संतापत होता. रिक्षावाल्यावर, डॉक्टरांवर, स्वतःच्या नियमांवर, आणि खरं म्हणजे ताईवर.

"इतकी वर्षं सांगितलं का नाहीस?"

"तू कधी विचारलंस?"

"शंभरदा बोलावलं तुला."

"बोलावलंस. हो म्हणायला बोलावलंस. विचारलं काहीच नाहीस."

लोकांच्या म्हाताऱ्यांना भेटायला तो कुठं कुठं गेला होता. अनोळखी घरांत तासन् तास बसला होता, कोणाच्या आत्याला कोण सांभाळायचं, कोणाच्या काकाला कोणी दगा दिला, सगळं खोदून खोदून विचारलं होतं. ताईच्या घरी मात्र जायचा, जेवायचा, गुडघ्याला कुठलं तेल चांगलं यावर वाद घालायचा आणि उठायचा. ताई म्हणजे हाताशी असलेलं माणूस. तिला काय विचारायचं? त्याला फार लाज वाटली. डोळे भरून आले ते त्यानं लपवलेही नाहीत.

"जन्म कधीचा त्याचा?" त्यानं सवयीनं विचारलं, आणि लगेच म्हणाला, "नाही, ते असू दे. कसा होता?"

"तुझ्यासारखा रडका नव्हता." ताई ग्रंथालयाच्या ओट्यावर टेकली. "जावळ दाट होतं. माझी वेणी मुठीत धरायचा, सोडायचाच नाही. अंघोळ मीच घालायचे, चौथीत होते मी. गेला, आणि बाबांनी महिन्याभरात घर बदललं. आई म्हणाली, आता तो विषय काढायचा नाही कोणी. नाही काढला. तू मात्र कितीतरी दिवस पाळण्याखाली वाकून बघायचास. तुला वाटायचं, खाली पडलाय."

तो तिच्याशेजारी बसला. गुंडाळी गुडघ्यांवर आडवी धरून बसला. रिक्षाकडे आता त्याचं लक्ष नव्हतं.

"नाव ठेवलं नव्हतं असं सांगितलं ना मी वर," ताई म्हणाली. "मी ठेवलं होतं. माझं आपलं. आईलाही माहीत नव्हतं. अंघोळ घालताना हाक मारायचे, तर वळून बघायचा."

"काय ठेवलं होतंस?"

तिनं सांगितलं, पण नेमका एक ट्रक खडखडत समोरून गेला आणि त्याला ऐकू आलं नाही.

"काय म्हणालीस?"

"कान तपासून घे म्हणून किती वेळा सांगितलं तुला," ताई वैतागून म्हणाली. मग काठी टेकत उठून उभी राहिली, आणि तिनं ते नाव पुन्हा घेतलं. पण सांगतात तसं नाही. दिवेलागणीला बाहेर खेळणाऱ्या पोराला घरात बोलावताना जसा आवाज लावतात, तसा आवाज लावून.

समोरच्या पदपथावरून एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती. ती थबकली. कोणाचं तरी मूल मागं राहिलं असेल असं वाटून तिनं रस्त्यावर इकडे तिकडे बघितलं, आणि बराच वेळ ती बघत राहिली.