खंड पडला

“खंड... नकोस हं!” गाडीच्या खिडकीतून जाऊबाई म्हणाल्या. मधले शब्द इंजिनाच्या घरघरीत गेले. मी मान डोलावली. जिचे जन्मभर नेम चाललेत तिला ‘खंड पाडू नकोस’ एवढं कळायला सगळे शब्द कानावर पडावे लागत नाहीत.

जाऊबाई मुलाकडे निघाल्या होत्या, कायमच्या. दीर गेल्यापासून आमच्या मागच्या खोलीत त्या आणि त्यांचं कादंबऱ्यांचं कपाट, एवढाच त्यांचा संसार. मुलाचं घर म्हणजे काडेपेटी. तिथं माणूस मावेल, कपाट कुठलं मावायला! खालच्या कप्प्यातली पुस्तकं त्यांनी आधीच मैत्रिणींना वाटून टाकली. वरच्या कप्प्याला मात्र त्यांचा हात लागेना. त्यांची सगळ्यात आवडती पुस्तकं तिथं होती.

आमच्या ह्यांनी तर खोलीचं माप आधीच घेऊन ठेवलं होतं. हे शिंपी. पुढच्या खोलीत दुकान, आणि कापायचं टेबल असं आडवं की गिऱ्हाइकानं पोट आत घेतल्याशिवाय उंबरा ओलांडता येत नाही. टेबल मागं न्यायला हवं होतं, हे काही खोटं नव्हतं.

“वाचणारं कोण आहे घरात?” हे म्हणाले. “जुन्या पुस्तकांच्या दुकानात देऊन टाकू.”

जाऊबाई तापलेल्या लेकराच्या कपाळावरून फिरवावा तसा कपाटाच्या दारावरून हात फिरवत राहिल्या. मला ते बघवेना.

“मी वाचीन,” मी म्हणाले.

हे हसले. जाऊबाईसुद्धा हसल्या. हसण्यासारखंच होतं ते. पहाटे अंघोळ झाली की पोथीचा अध्याय, संध्याकाळी दिव्यापुढं जप, आणि खोटं बोलायचं नाही हा लग्नाआधीपासूनचा नेम. कादंबरी मी हातात धरली असेल ती धूळ झटकण्यापुरती. जाऊबाई मला जपमाळ म्हणत.

“जपमाळे, तू आणि गोष्टी? अगं, त्यातली माणसं खोटी असतात.”

“तुम्ही त्यांच्यासाठी रडता, ते तर खोटं नसतं ना,” मी म्हटलं. “वरचा कप्पा मी सबंध वाचीन. शब्द देते.”

मग ह्यांनी कापड फाडावं तसा एका झटक्यात निकाल दिला. महिन्यानं सुतार कपाट न्यायला येणार. तोवर जी वाचून होतील त्यांच्यासाठी हे भिंतीवर फळी ठोकून देणार. उरतील ती दुकानात.

जाऊबाई गेल्या त्या दुपारी मी वरचा कप्पा उतरवला. काही पातळ, बरीचशी जाड, आणि सगळ्यांत खाली विटेसारखी एक मोठी कादंबरी, ‘खंड पहिला’ आणि ‘खंड दुसरा’. पानं मोजत बसणं माझ्यानं होईना. मी ह्यांचा टेप घेतला आणि आख्खा ढीग मापला, छातीचं माप घ्यावं तसा. त्याचे महिन्याच्या दिवसांत वाटे केले. रोजचा वाटा निघाला करंगळीच्या नखाएवढा जाड. नखाला नख लावत गेले आणि प्रत्येक दिवसाच्या हद्दीवर दुकानातली एकेक कातरण घातली. लाल, निळी, फुलाफुलांची. हे आत डोकावले.

“पुस्तकांना झालर लावलीस की काय?”

“नेम लावलाय,” मी म्हटलं.

कठीण ते आधी, हा माझा स्वभाव. म्हणून विटेपासून सुरुवात केली. दुपारी दुकान बंद असतं तेव्हा हातपाय धुऊन, भिंतीकडं तोंड करून बसले. पहिल्याच प्रकरणात एक बाई लोखंडी पेटी घेऊन एका अनोळखी घराच्या दारात उभी राहते आणि कडी वाजवते. तिची आई त्या घरात पूर्वी राहून गेलेली. आत दिवा आहे, पण दार काही उघडत नाही. मी दोनतीन पानं पुढं सरकले असेन, तोच आमची कडी वाजली. एकीचं झबलं, उद्याच हवं होतं.

मी उठले, झबलं घेतलं, परत येऊन बसले आणि पहिल्या पानापासून सुरू केलं.

पोथीचा दंडकच आहे तो. अध्याय चालू असताना उठलं की खंड पडला, अध्याय पुन्हा मुळापासून. आईनं तसं शिकवलं आणि मी एकदाही मोडलं नाही. जाऊबाईंनीही जाता जाता तेच तर बजावलं होतं. पण पोथीच्या वेळी पहाटे दारावर कुणी येत नाही. दुपारी घर धर्मशाळा असतं. गॅसवाला आला, प्रकरण पुन्हा. ह्यांची कात्री सापडेना, पुन्हा. शेजारीण बसून गेली, पुन्हा. ती बाई रोज पेटी घेऊन दारात यायची, कडी वाजवायची आणि तिथंच उभी राहायची. आठवडा संपेपर्यंत पहिलं प्रकरण मला तोंडपाठ झालं आणि पहिली कातरण होती तिथंच होती.

“त्या बाईला अजून कुणी दार उघडलं नाही का गं?” हे जेवताना विचारायचे. “पाय दुखले असतील बिचारीचे. निदान पेटी तरी खाली ठेवायला सांग.”

मी गप्प बसे. गप्प बसण्यात खोटं नाही. मग मी वाचायला बसायची वेळ अलीकडं ओढली, दाराला आतून कडी लावून पाहिली, तरी काही ना काही यायचंच. आणखी एक आठवडा पाण्यात गेला. सुताराचा निरोप आला, ठरल्या दिवशी नक्की येतो. पुतण्यानं फोनवर सांगितलं, काकू, आईला सांगून टाका वाचलं म्हणून, तिला बरं वाटेल, ती काय परीक्षा घेणारे? पोरगा मायेनं बोलत होता. पण जे झालं नाही ते झालं म्हणायला माझी जीभ वळत नाही, आणि वळली असती तरी पुस्तकं काही त्यानं घरात राहणार नव्हती.

त्याच्या हातून जाऊबाईंनी फोन घेतला.

“काय जपमाळे, कुठवर आलीस?”

“दारापर्यंत,” मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. टेप, कातरणी, गॅसवाला, सगळं. “तुम्ही खंड पाडू नकोस म्हणालात, मी पडू देत नाहीये. पण त्या नादात गोष्टच पुढं सरकत नाही हो.”

पलीकडून हुंदक्यासारखा आवाज आला. मला वाटलं रडल्या. त्या हसत होत्या, आवाज दाबून.

“अगं, मी कुठं तसं म्हटलं? तिसरा खंड कपाटामागं पडलाय, तिथंच ठेवू नकोस, असं सांगत होते. निघायच्या दिवशी सकाळी पेटी भरताना हातातून निसटला. मला वाकवेना, आणि भावजींना सांगायची लाज वाटली.”

“तिसरा?” मी ढीग मापला होता तो दोनच खंड धरून.

“तिसराच तर खरा. आणि हे बघ, मी इस्पितळाच्या टेलिफोनवर नोकरी करताना वाचलंय सगळं. एक फोन आला की पुस्तक पालथं, तो जोडून दिला की पुन्हा सुलटं. एका दमात वाचलेलं माझं एकही पुस्तक नाही. खंड पडू दे गं. तेवढ्या वेळात ती बाई तुझ्याबरोबर स्वयंपाकघरात येते, भांडी घासता घासता तुझ्याशी बोलते. मी तर तिला कितीदा इस्पितळाच्या जिन्यावर घेऊन बसलेय. पोथीचा नेम पोथीला, हिला हिचा.”

मी फोन ठेवला. पोथीत मी काही बदलणार नव्हते, उद्या पहाटेही अध्याय उठल्याविना पुरा व्हायचा होता. पण जाऊबाईंना दिलेला शब्द दुपारच्या वाचनाचा होता, आणि दुपारला दुपारचीच रीत लावायला हवी होती.

ह्यांचा कापड मोजायचा लाकडी गज घेऊन मी मागच्या खोलीत गेले आणि कपाटाखाली आडवी झाले. दोन बटणं निघाली, एक कंगवा निघाला, आणि मग भिंतीला टेकून बसलेला तिसरा खंड. सगळ्यांत जाड तोच. पदरानं पुसला. मधोमध टेलिफोनच्या वहीतला एक कपटा होता, त्यावर जाऊबाईंच्या अक्षरात ‘प्रसूती विभाग, लगेच’.

हे दारात येऊन उभे राहिले होते. ढिगाकडं पाहिलं, माझ्या हातातल्या विटेकडं पाहिलं.

“आता कसं जमायचं तुला? अर्धा महिना तर गेला.”

“माप नव्यानं घेते,” मी म्हटलं.

सगळ्या कातरणी उपसल्या. ढिगावर तिसरा खंड ठेवून पुन्हा टेप लावला, उरलेल्या दिवसांत वाटे केले. नखाचा वाटा आता दोन नखांच्याही पुढं गेला, जवळजवळ अंगठ्याचं अख्खं पेर. ह्यांनी वाकून टेपवरचा आकडा पाहिला, शीळ घातली, आणि पुढच्या खोलीत गेले. थोड्या वेळानं भिंतीवर पेन्सिलीनं रेघ ओढल्याचा आवाज आला. फळीची लांबी पाहत होते. कितीची धरली, ते मी विचारलं नाही.

मी हात धुतले. लाल कातरण तेवढी जवळ ठेवली. पहिला खंड उघडला तो पहिल्या पानावर नाही, ती बाई पेटी घेऊन थांबली होती तिथं. दोन ओळी झाल्या आणि बाहेर कडी वाजली. कातरण पानात घातली, उठून गेले, एका मुलीचा फ्रॉक उसवला होता तो घेतला, संध्याकाळी ये म्हटलं. चालताना मनात त्या बाईला म्हटलं, थांब, आलेच.

परत येऊन बसले. कातरण काढली. पुढची ओळ वाचली. आत कुणीतरी चपला सरकवत दाराकडं येत होतं.