पदर धरू का वाकर

आईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा डॉक्टरांनी मच्छिंद्रला आणि मला बाजूला घेऊन सांगितलं, "हाड मी बसवलंय. चालवायचं काम तुमचं. रोज सपाटीवर चालल्या तर आपल्या पायानं बाथरूमला जातील. नाही चालल्या तर अंथरूण धरतील."

माझा नवरा मच्छिंद्र दिवसभर कामावर, म्हणजे चालवायचं काम माझं. कडेवर दहा महिन्यांची मुक्ता आणि पुढे वॉकर घेतलेल्या सासूबाई, अशी आमची वरात रोज संध्याकाळी लिफ्टनं खाली उतरायची.

आमची सोसायटी खडकवासल्याच्या रस्त्याला, सासरच्या भावकीच्याच रानात उभी राहिलेली. जमीन दिली म्हणून भावकीतल्या घराघराला फ्लॅट मिळाले. धरण तोंडापर्यंत भरलं तरी आमच्याकडे टँकर येतो, पण ज्येष्ठ नागरिकांसाठी बाग मात्र झकास केलेली. गुळगुळीत सपाट वाट, कडेनं स्टीलचा कठडा, मध्ये बाकं. डॉक्टरांनी मागून घ्यावी अशी जागा.

आई लिफ्टमधून निघाल्या की बागेकडे न वळता सरळ पार्किंगमध्ये शिरायच्या. तिथे उतार, तेलाचे डाग, मागे येणाऱ्या गाड्या.

"आई, बागेत चला ना."

"हितं गार वाटतंय गं."

ऑक्टोबरच्या उकाड्यात ठीक होतं. डिसेंबरातही त्यांना तिथेच गार वाटत होतं.

मला वाटलं, बाकांना हात नाहीत, टेकून उठता येत नाही म्हणून येत नसतील. मी सेक्रेटरी दीनानाथकाकांच्या मागे लागले. ते म्हणाले, "हात लावतो. पुढे बागेत वातानुकूलन हवं असेल तर तेही एकदमच सांगून ठेवा." पण हात लावले बिचाऱ्यांनी. आईंनी वरून, गॅलरीतून बघितले. "ब्येस झालं," म्हणाल्या आणि पार्किंगमध्ये गेल्या.

एका संध्याकाळी कुणाची तरी गाडी मागे घेताना अंगावर आली. आई पडल्या नाहीत, खांबाला धरून उभ्या राहिल्या. वॉकर तेवढा घरंगळत उतारावरून खाली गेला. दुसऱ्या दिवशी त्यांनी खाली यायलाच नकार दिला. मग तिसऱ्या दिवशीही. पाय सुजायला लागले. पलंगावरून उठताना आधी त्या स्वतः जोर लावायच्या, आता माझ्याकडे बघत थांबायला लागल्या. मला त्या बघण्याची भीती वाटायची.

वरच्या मजल्यावरच्या जैनबचाची त्यांना बघायला आल्या. कसब्यातलं दुकान मुलाकडे सोपवून त्या इकडे राहायला आल्यात. त्यांचेही गुडघे गेलेले, पण रोज बागेत फेऱ्या मारतात, बाकावरच्या म्हाताऱ्यांशी क्रिकेटवरून वाद घालतात.

"चाची, तुम्ही तरी समजवा यांना."

चाची आईंकडे बघून हसल्या. "मी काय समजावू? मी थोडीच या गावची सून आहे?"

मला त्याचा अर्थ त्या वेळी लागला नाही.

तो लागला पुढच्या रविवारी. गेनबाआबा आले. हे माझ्या सासऱ्यांचे थोरले भाऊ, सासरे गेल्यापासून घरातले मोठे. त्यांची रीत ठरलेली. बेल वाजवत नाहीत, दाराबाहेर दोनदा खाकरतात. खाकरण्याचा आवाज आला आणि सोफ्यावर बसलेल्या आईंनी वॉकर ओढला. दोनदा उठायचा प्रयत्न फसला, तोंड वेडंवाकडं झालं, तिसऱ्यांदा उठल्या आणि पाय ओढत स्वयंपाकघरात गेल्या. लग्न झाल्यापासून मी हे बघत होते. मला वाटायचं, चहा ठेवायला जातात. आता चहा मी ठेवत होते, तरी त्या ओट्याला धरून उभ्याच.

तिथून म्हणाल्या, "मुक्ते, आबास्नी इचार, साखर घालू का?"

मुक्ता खुळखुळा चघळत होती. आबा तिलाच म्हणाले, "आजीला सांग बाय, अर्धा चमचा. आन् पाय कसा हाय म्हणावं."

"बरा हाय म्हणावं."

आबा जाईपर्यंत त्या उभ्या होत्या. त्यांना पलंगावर बसवल्यावर माझा आवाज चढलाच. "बागेत आबा असतात, म्हणून तुम्ही जात नाही?"

"मग? थोरलं दीर हायती. त्यांच्या म्होरं येरझाऱ्या घालू?"

"अहो, मंडईत तुम्ही भाजी घेऊन बसायचात. साऱ्या पुण्याशी भांडलाय तुम्ही."

"मंडईत कुठं माझं दीर बसल्यालं?" मग हात उघडून मला दाखवत म्हणाल्या, "दोन हात हायती बाई. पदर धरू का वाकर धरू?"

बाकाला हात लावून घेणारी मी, त्यांच्या हातांकडे बघितलंच नव्हतं.

रात्री मच्छिंद्रला सांगितलं. तो म्हणाला, "आबांना काय सांगू? बागेतून उठा म्हणून? त्यांची जमीन आहे ती."

"आईंचीही आहे."

"तू सांग मग."

मी सांगायचं ठरवलं. लिफ्टमध्ये वाक्यं जुळवली. खाली गेले तर आबा मधल्या बाकावर, आजूबाजूला भावकीतले तीन-चार जण. जुळवलेली वाक्यं सोडून मुक्ताला आबांच्या मांडीवर ठेवलं आणि तिच्याचकडे बघत म्हणाले, "मुक्ता, आबांना सांग, आजीला चालायला सपाट जागा लागते. पार्किंगमध्ये गाडी अंगावर आली होती. आणि वॉकर धरला की आजीला पदर धरता येत नाही म्हणावं."

आबांनी मुक्ताच्या मुठीतून आपली टोपी सोडवली.

"मुक्ते," ते म्हणाले, "आईला म्हणावं, गारठा पडलाय. पोराला बिनटोपड्याचं का आणलंस?"

झालं. मी मुक्ताला उचललं आणि घरी आले. मोठ्या माणसाचा अपमान केला ही रुखरुख होतीच, शिवाय उपयोगही शून्य.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गॅलरीत कपडे काढत होते. खाली बाग रिकामी. आबा आजारी पडले की काय, म्हणून बघायला उतरले. पार्किंगच्या कोपऱ्यात, मीटरच्या पेट्यांजवळ, प्लॅस्टिकच्या खुर्च्या टाकून सगळी मंडळी बसलेली. दीनानाथकाका समोर उभे.

"बाग ज्येष्ठांसाठी केली, ज्येष्ठ पार्किंगमध्ये. आता गाड्या काय, बागेत लावू?"

"लावा की," आबा म्हणाले. "आमाला हितं गार वाटतंय."

अंगावर घोंगडी होती त्यांच्या. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मुक्ताला टोपडं घातलंय का, तेवढं बघितलं.

वर येऊन आईंना म्हटलं, "बागेत कुणी नाही."

"दीर कुठं गेलं?"

"पार्किंगमध्ये. तिथे गार वाटतं म्हणे."

आई हसल्या नाहीत. मग पायानंच चपला पुढे ओढल्या.

पहिल्या दिवशी बागेची निम्मी फेरी झाली. दर पावलाला पार्किंगकडे बघायच्या. जैनबचाची सोबतीला होत्या, त्यांना आता वाद घालायला कुणी नाही म्हणून कुरकुरत होत्या. त्या आठवड्यात बी विंगमधून एक बाई काठी टेकत आल्या. सरुबाई, भावकीतल्याच, आबांच्या चुलतभावाची सून. दोन वर्षं एकाच सोसायटीत राहून मी त्यांना कधी बघितलं नव्हतं. मग आणखी एक आल्या. हात लावलेल्या बाकांवरून प्रथमच कुणीतरी त्या हातांना धरून उठलं.

काल आमची दुसरी फेरी चालू होती. घरी निघालेल्या आबांचं खाकरणं पार्किंगच्या तोंडाशी ऐकू आलं. एकदा, मग जरा थांबून पुन्हा. आई जागच्या जागी थांबल्या. मी वॉकर धरायला पुढे झाले, पण त्यांनी तो आधीच सोडला होता. एक हात कठड्यावर घट्ट, दुसऱ्या हातानं पदर डोक्यावरून पुढे ओढला. आबा पलीकडून, मान खाली घालून निघून गेले.

पावलं लांब गेल्यावर आईंनी पदर कानामागे खोचला. पण वॉकरकडे हात नेला नाही.

"ऱ्हाऊ दे त्यो तितंच," म्हणाल्या आणि कठड्याला धरून निघाल्या. मी एका हातात मुक्ता आणि एका हातात वॉकर घेऊन त्यांच्या मागून चालत राहिले.